फिल्टरला मॅग्नेट लावा, ऑइल बदलू नका म्हणणारा भेटला तर सावध राहा

जालन्याला मोंढ्याजवळ एक जण टेबल मांडून बसायचा, ऑइल फिल्टरवर बसवायचं मॅग्नेट विकायला. त्यानं मला 2400 रुपयाला टोपी घातली. आपल्याकडं बोलेरो, पिकअपवाले लै आहेत म्हणून सविस्तर लिहायलो.

त्याचा डेमोच असा की कुणी बी फसंल. माझ्याच गाडीची डिपस्टिक काढली, टेबलावरच्या वाटीत ऑइल टिपकवलं, मॅग्नेट फिरवून वर काढलं तर चकचकीत लोखंडाचा कीस हा एवढा चिकटलेला. म्हणे, "भाऊ, हे तुमचं इंजिन झिजायलंय. हे बसवा अन 40,000 किलोमीटर ऑइलकडं बघू नका." वाटीत आधीच काळं ऑइल होतं, कीस तळाला, दिसणार कसा. डिपस्टिकच्या चार थेंबात तेवढं लोखंड निघालं असतं तर गाडी मोंढ्यापर्यंत आलीच नसती. अन जालन्यात लेथवाले काय कमी आहेत, पोतंभर कीस मिळंल.

दिवाळीनंतर गाडी तापली की आयडलला ऑइलची लाइट लुकलुकायला लागली. मिस्त्रीनं ऑइल सोडलं तर काकवीसारखं लोंबायलं. मग त्यानं मॅग्नेटचं चकाकतं कव्हर उचकटलं. त्या माणसानं जर्मन निओडिमियम, म्हणजे लै जोरदार चुंबक, सांगितलेलं, आत निघालं जुन्या स्पीकरमधी असतं तसलं काळं फेराइटचं कडं! फिल्टर कापला तर आतून बोटाला लागंल एवढाच करडा लेप. मिस्त्री म्हणाला, फिल्टरचा डबाच लोखंडी पत्र्याचा, चुंबकाचा बराच जोर त्या पत्र्यातच जिरतो, ऑइलपर्यंत थोडाच पोचतो. अन खरं निओडिमियम असतं तरी साधा ग्रेड 80 डिग्रीच्या वर ढिला पडायला लागतो, ऑइल तर 100 च्या आसपास तापतं.

खरी गोम वेगळीच आहे. चुंबक लोखंड धरतं हे खोटं नाही, म्हणून तर माणूस गळाला लागतो. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा, बेअरिंगमधी तांबं, शिसं, कथिल असलं काय काय, ते चुंबकाला चिकटतच नाही. सोयाबीनच्या रासीवरची धूळ आत गेली तर ती माती, ती बी सुटली. अन ऑइल खराब होतं ते काजळीनं, डिझेल उतरल्यानं, ॲसिडनं, त्यातले ॲडिटिव्ह संपल्यानं, यातलं काय निघणार चुंबकानं? लोखंडाचा कण न् कण धरला तरी ऑइल जुनं ते जुनंच, अन 40,000 चालवा म्हणणं म्हणजे सरळ इंजिन मारायचा सल्ला आहे. 2400 गेले त्याचं एवढं नाही, पण इंजिन खोलायची पाळी आली असती तर हंगामाचे पैसे त्यातच गेले असते.

चुंबकाचा ड्रेन प्लग, म्हणजे खालून ऑइल सोडायचं बूच, मात्र खरी वस्तू आहे, बऱ्याच गिअरबॉक्समधी कंपनीच चुंबक देती. त्याच्यावर बारीक करडा लेप दिसला तर घाबरायचं नाही, बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर मिस्त्री गाठायचा. पण तो लावला म्हणून सर्व्हिस बुकातलं ऑइल अन फिल्टर बदलायचं टळत नाही.

पावती दिली ती नुसती शिक्का मारलेली, ना जीएसटी नंबर ना पत्ता. गॅरंटी कार्डावरचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तक्रार टाका, पण ज्याच्यावर तक्रार करायची त्याचं नाव-गाव तर पाहिजे ना, म्हणून पक्कं बिल हातात आल्याशिवाय खिशात हात घालू नका.

परभणीला माझ्या साडूला तसलाच एक टेबलवाला भेटला. साडू बेरकी, डब्यातली स्टीलची वाटी पुसून पुढं केली अन म्हणाला, ह्यात दाखव. तर त्याला एकदम आठवलं की मालक जेवायला गेलाय, डेमो आता संध्याकाळी.