रात्री चमकणारी मक्खी म्हणून पैसे घेतले आणि आज्याची बंदूक बिघडवून गेला

ज्यांच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोर बंदूक आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, कारण हा माणूस अजून फिरायलाय.

आमचं रान औंढ्याच्या डोंगरपट्टीला लागून आहे. सोयाबीन शेंगेला आलं की रानडुकरं, तुरीत रोही म्हणजे नीलगाय, असं दरसाली चालूच. शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे, डुकरासाठी सुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते, ते सगळं आम्ही पाळतो. एकनळी बंदूक आज्याची, मग अण्णाच्या नावावर आली, आता माझ्या. नळीच्या टोकाला पितळेचा बारका मणी, त्यालाच आम्ही मक्खी म्हणतो, आज्याचा अंगठा फिरून फिरून गुळगुळीत झालेला. दिवस मावळला की तो मणी दिसत नाही, एवढीच आमची अडचण होती.

मागच्या साली मोबाईलवर एक व्हिडिओ आला. फायबर ऑप्टिक साईट, म्हणजे नेम धरायची चमकती खूण, पुढं हिरवा ठिपका, मागं दोन लाल, पूर्ण काळोखात लखलख चमकायलेत. धरणाऱ्याचा नुसता अंगठा दिसतो, नख काळं पडलेलं. खाली लिहिलेलं की इम्पोर्टेड आहे, सेल लागत नाही, रात्री दिसते, वर-खाली डावी-उजवी सगळी अॅडजस्ट होते. फोन लावला तर एकदम गोड बोलणं, दादा घरी येऊन बसवून झिरो करून, म्हणजे नेम जुळवून देतो, साडेसात हजार, त्यातले दोन हजार आधी टाका. वसमतच्या मार्केटला हळद नुकतीच घातली होती, पैसा हातात होता, टाकले.

तिथंच मला कळायला पाहिजे होतं. फायबर ऑप्टिक म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकची काडी, ती अंगावर पडलेला उजेड गोळा करते आणि टोकातनं बाहेर सोडते म्हणून टोक पेटल्यासारखं दिसतं. स्वतःचा उजेड तिला नसतो. ढगाळ वातावरणात, झुंजूमुंजू असताना चांगली मदत होते, पण काळोख्या रात्री ती काडी काळीच. व्हिडिओत खालून टॉर्च लावला होता, हे मला फार उशिरा समजलं.

तो आला, बंदूक चार दिवस घेऊन जातो म्हणला, अण्णा नको म्हणले म्हणून वाचलो. मग वसरीतच बसून अॅरल्डाईटनं मागचा तुकडा चिटकवला आणि पुढचा तुकडा मण्यावरून बसवला. नळीत लेझरचं काडतूस घातलं, दहा पावलांवर भिंतीवर लाल ठिपका पाडला, बघा दादा जुळला, म्हणून राहिलेले साडेपाच हजार घेऊन गेला. दहा पावलांवर जुळलं म्हणजे काही खरं नाही ओ, एवढ्या जवळ भिंतीवर फरक बारकाच पडतो.

आमचे मामा हिंगोलीच्या एसआरपी ग्रुप १२ मधनं रिटायर झालेत. ते म्हणले कागदावर बघितल्याशिवाय कुठल्याच साईटवर भरवसा ठेवू नको. परवाना बरोबर घेऊन नेमबाजी क्लबच्या रेंजवर गेलो, चार फुटी कागद, पंचवीस मीटर, खडकीच्या कारखान्याची काडतुसं, बंदूक टेकवून तीन बार. तिन्ही वेळा छऱ्यांचा मधला दाट भाग खुणेच्या वीस सेंटिमीटर खाली. मामानी तिथंच हिशोब मांडला, चूक वीस सेंटिमीटर, दोन साईटमधलं अंतर साठ, पल्ला अडीच हजार सेंटिमीटर, म्हणजे वीस गुणिले साठ भागिले अडीच हजार, जवळजवळ पाच मिलिमीटर. मागची साईट तेवढी वर पाहिजे. नियम असा की मार जिकडं न्यायचा तिकडं मागची साईट हलवायची, आणि पुढची हलवायची असली तर बरोबर उलटी. मी अॅलन की घेऊन मागचा स्क्रू फिरवायला बसलो. फिरतोय फिरतोय, साईट जागची हलेना. नखानं खरवडलं तर स्क्रूचं डोकंच निघून आलं, खाली भोकच नाही, सपाट प्लास्टिक! अॅडजस्टमेंट नावाचं काही त्यात नव्हतंच. मग मामानी काडीच्या अंगावर हातानं सावली धरली, खऱ्या फायबरचं टोक लगेच मंद पडतं, याचं जसंच्या तसं, म्हणजे ती काडी नुसती रंगवलेली.

फोन केला, खाली मारायली म्हणलं. तर म्हणला येऊन पुढची मक्खी उचलून देतो. पुढची उचलली की मार आणखी खाली जातो, हे त्याला माहीत नव्हतं का माहीत असून पैसे काढायचे होते देव जाणे. मामा नेमके गावाला गेलेले आणि मी खुळ्यासारखा हो म्हणलो. त्यानं आज्याचा मणी पकडीनं उपटून खिशात टाकला, ड्रिल लावलं, पुढचा तुकडा पॅकिंग देऊन स्क्रूनं आवळला आणि वर दीड हजार घेतले.

परत रेंजवर जायच्या आधी मामानी बंदूक बिजागरीत उघडून, रिकामी आहे का बघून, नळीतनं उजेडाकडं पाहिलं आणि काहीच न बोलता माझ्या हातात दिली. टोकापाशी आत स्क्रूचं टोक चमकत होतं. आरपार आलं होतं. तसाच बार काढला असता तर छर्रे त्या टोकावर आदळले असते आणि नळीचं काय झालं असतं सांगता येत नाही. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला.

पैसे मागितले तर म्हणला जा ठाण्यात, बिगरलायसनच्या माणसाकडनं बंदुकीचं काम करून घेतलं तुम्हीच, परवाना जाईल. १९५९ च्या आर्म्स अॅक्टच्या कलम ५ प्रमाणं दुरुस्तीला सुद्धा लायसन लागतं, हे त्याला पक्कं माहीत होतं आणि ह्याच भीतीवर तो धंदा करतो. मी तीन आठवडे गप्प बसलो, तिथं माझी मोठी चूक झाली. शेवटी मामाबरोबर ठाण्यात जाऊन आपणच सगळं लेखी दिलं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत नंबरला फोन करून यूपीआयचे नंबर दिले. तिथं पहिला प्रश्न हाच की पैसे कधी गेले, लवकर कळवलं तर रक्कम खात्यातच अडकवता येते. माझे गेले.

लायसनवाल्या कारागिरानं तो स्क्रू काढून नवा पितळी मणी बसवला. आज्याचा मणी काही मिळाला नाही. मामा आता मला रिकामी बंदूक घेऊन रोज सराव करायला लावतेत, डोळे मिटून खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर, मग डोळे उघडून बघायचं मणी नळीच्या बरोबर मधोमध दिसतो का. छऱ्याच्या बंदुकीत मागची साईट म्हणजे आपला डोळाच, गाल हलला की नेम हलला, आणि नजर मण्यावर नाही, समोर ठेवायची. हे कुणी साडेसात हजारात विकत देत नाही.

परवा तोच व्हिडिओ परत आला, नंबर दुसरा, नाव दुसरं, काळ्या नखाचा अंगठा तोच. कळमनुरीकडच्या एका ओळखीच्या पोरानं सकाळीच दोन हजार टाकले होते, त्याला फोन लावून आधी १९३० ला कळव म्हणलं, आणि तो माणूस दारात आला तर बंदूक कपाटातनं काढूच नको.