लेकरू पाळण्यात, फाईल कॅनडात

नवरा कॅनडात कायम रहिवासी, बायकोचा स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू, आणि मधेच बाळंतपण. अशा घराला ज्या ज्या खिडक्यांपुढं उभं राहावं लागतं त्यांचा हा आढावा : जन्मनोंद, फोटो स्टुडिओ, सेतू केंद्र, पासपोर्ट, कॅनडाचा इमिग्रेशन विभाग, पॅनल डॉक्टर (तपासणीसाठी कॅनडानं नेमलेला) आणि गरज नसताना मधे शिरणारा एजंट. यातली फुकटात होणारी सेवा एकच, जन्मनोंद, आणि तीच सगळ्यात महाग पडते. तिथं चुकलेल्या एका अक्षराची वसुली पुढची प्रत्येक खिडकी करते.

आधी एक गैरसमज. "लेकरू सध्या आजीजवळ राहील, आईचं काम होऊ द्या, मग त्याचं पाहू," असं पुष्कळ घरी ठरतं. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत कलम ११७(९)(ड) आहे. आईला कायम रहिवास मिळण्याआधी जन्मलेलं मूल अर्जात दाखवलं नाही आणि त्याची वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर पुढं तिनं त्याला फॅमिली क्लासमधून, म्हणजे घरचं माणूस म्हणून स्पॉन्सर करून, न्यायचं म्हटलं की हे कलम आडवं येतं. म्हणून बाळ सोबत जाणार नसलं तरी ते अर्जात हवं आणि तपासलेलं हवं.

आता जन्मनोंद. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद मात्र माहेर-सासर पाहत नाही, बाळ जिथं जन्मलं तिथल्या निबंधकाकडे होते. माहेर दर्यापूर तालुक्यातलं, सासर आर्णीकडचं, आणि ग्रामीण रुग्णालयानं ऐनवेळी रेफर केलं म्हणून बाळंतपण अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात, तर जन्मस्थळ अमरावती शहर. माहेरच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून काही हाती लागत नाही. १०८ मध्ये वाटेतच सुटका झाली तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबली तिथं नोंद, असा नियम आहे. घरी झालं तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत कळवायचं, दवाखान्यात झालं तर दवाखाना कळवतो.

२१ दिवसांच्या आत कळवलं तर पैसे नाहीत. ३० दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क. त्यापुढं वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश. दवाखान्यातल्या बाळंतपणात उशीर सहसा होत नाही. तिथं घात होतो तो माहिती लिहिताना. वॉर्डात सिस्टर कागद घेऊन येते, बाळंतीण गुंगीत, नवरा परदेशात, उत्तर द्यायला आजी. "बापाचं नाव?" "लिहा संज्या." फार तर संजू होतं. पासपोर्टवर संजय असतो.

दुसरा घात इंग्रजी स्पेलिंगचा. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत येतो आणि कॅनडा फक्त इंग्रजी ओळ वाचतो. ज्ञानेश्वर कोणी 'डी-एन-वाय'नं लिहितो, कोणी 'जी-वाय'नं. 'व' कोणाचा व्ही, कोणाचा डब्ल्यू. त्यात वऱ्हाडातला वानखडे टाइप करणाऱ्याच्या हातून हमखास वानखेडे होतो. यावर उपाय एकच : नवऱ्याच्या आणि बाळंतिणीच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची रंगीत झेरॉक्स दवाखान्याच्या पिशवीत आधीच टाकून ठेवायची आणि "नाव यात पाहून लिहा" म्हणून सिस्टरच्या हातात द्यायची. तोंडी सांगूच नये. आधार कार्डही पुढं करू नये, कारण बहुतेकींचं आधार माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या, किंवा उलट. कॅनडाच्या अर्जात पासपोर्टवरचं नाव असतं, दाखल्यावर आईचं तेच नाव पाहिजे. आशाताईंनी भरलेलं माता-बाल संरक्षण कार्ड दुसऱ्या नावाचं निघालं तर दाखल्याला बाधा येत नाही, पण दवाखान्यातली सिस्टर नेमकं त्या कार्डावरूनच उतरवून घेते, हे ध्यानात असू द्यावं.

तिसरा घात बाळाच्या नावाचा. बारसं बाराव्या दिवशी जमलं तर जमलं, नाही तर सव्वा महिन्यावर जातं. खिडकीवर ऐकू येतं, "नाव नंतर टाकता येते न, काय घाई हाये?" खरंही आहे. नावाशिवाय नोंद होते, १२ महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यापुढं शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण पासपोर्टचा फॉर्म नावाशिवाय पुढं सरकत नाही, म्हणजे बिननावाचा दाखला या घरासाठी रद्दी. राशीचं अक्षर, आत्याची पसंती हे सगळं बारशाला होऊ द्यावं. कागदावरचं नाव आठव्या महिन्यातच ठरवावं, व्हिडिओ कॉलवर नवऱ्याकडून स्पेलिंगसकट पक्कं करावं आणि त्याच पिशवीत लिहून ठेवावं.

चूक राहिलीच तर दुरुस्ती त्याच निबंधकाकडे होते, दुसरीकडे कुठंही नाही. मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला शेरा मारतात. शेरा मराठीतच उतरला तर कॅनडाला त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, आणि भाषांतर करणारा घरचा माणूस चालत नाही. इंग्रजीचा मास्तर असलेला काका इथं कामाचा नाही. एका अक्षरापायी निबंधक, भाषांतरकार आणि नोटरी अशा तीन चकरा होतात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे दाखला नव्हे, हेही पाचात दोन घरांना खिडकीवर गेल्यावर कळत असावं.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. पूर्वीसारखी पर्यायांची यादी उरलेली नाही, तेव्हा "आधार काढू, त्यावर भागेल" हा सल्ला आता मोडीत काढावा. जन्मनोंदीच्या सेवेला पाचपैकी चार गुण. पहिली प्रत फुकट आणि क्यूआर कोडची मिळते, एक गुण सर्व्हरपायी कापला. बाजाराच्या दिवशी जाऊ नये.

फोटो हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. चार वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्टचा फोटो आपणच न्यायचा असतो : ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. कॅनडाच्या कायम रहिवासाच्या फोटोचं माप वेगळं, ५० बाय ७० मिलिमीटर, त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटर. तालुक्याच्या स्टुडिओत पहिलं माप तोंडपाठ असतं, दुसरं कागदावर लिहून न्यावं आणि दोन्ही एकाच बैठकीत काढून घ्यावेत. बाळाला मांडीवर धरून फोटो काढला की बांगड्यांचा हात येतो आणि फोटो नापास होतो. टेबलावर पांढरी चादर सुरकुती न ठेवता अंथरायची, बाळ उताणं निजवायचं, फोटोवाल्यानं स्टुलावर चढून वरून टिपायचं. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कानटोपरं काढलेलं. आणि तीट पुसलेली. गालावरचा काजळाचा ठिपका फोटोत ठसठशीत तीळ होऊन बसतो, तेव्हा आजीची समजूत काढून पाच मिनिटांपुरता तो पुसावा. दूध पिऊन झाल्यावर अर्ध्या तासानं नेलं तर तिसऱ्या-चौथ्या क्लिकला काम होतं. सकाळी न्यावं, दुपारच्या उन्हात नाही.

सेतू केंद्रावर पासपोर्टचा फॉर्म भरून मिळतो आणि भरणारा मुलगा सहसा चटपटीत असतो. तरी दोन गोष्टी डोळ्यांदेखत करून घ्याव्यात. लॉगिन आईच्या ईमेलचं बनवावं. केंद्रवाले घाईत स्वतःचा ईमेल टाकतात, मग पुढं अपॉइंटमेंट बदलायची तर त्याच केंद्रासमोर उभं राहायचं. मोबाइल नंबरही आईचाच. नवऱ्याचं जुनं इथलं सिम बंद पडलेलं असतं आणि ओटीपी तिकडे जाऊन मुरतो.

लहान मुलाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,००० रुपये, आठ वर्षांखालच्या नव्या अर्जाला १० टक्के सूट, म्हणजे ९०० रुपये. मुदत ५ वर्षं. तत्काळला २,००० जास्त. नेहमीच्या प्रकरणात तत्काळची गरज नसते, कारण आईबाप दोघांचे पासपोर्ट चालू असले की बहुधा पोलीस पडताळणी लागत नाही आणि उशीर मुख्यतः तिथंच होतो. सोबत लागतं : बाळाचा जन्मदाखला, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, आईचा मूळ पासपोर्ट, परिशिष्ट 'ड' म्हणजे पालकांचं संमतीपत्र, आणि बाप परदेशात असल्यामुळे त्याचं तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र. गाडी अडते ती या शेवटच्या कागदापाशी. कॅनडात हे काम वकिलातीसाठी अर्ज घेणाऱ्या बीएलएस कंपनीच्या केंद्रामार्फत होतं आणि मूळ कागद टपालानं इकडे यावा लागतो, व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊन गेलं तर खिडकीवरून परत पाठवतात. दाखला हातात येईपर्यंत थांबून मग नवऱ्याला सांगितलं तर महिना तिथंच जातो. बाळाचं नाव आठव्या महिन्यात ठरवायचं ते यासाठीही. जन्माच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तिकडून कामाला लागावं. तो बाळंतपणाला आलेला असेल तर जाण्याआधी परिशिष्ट 'ड'वर सही घेऊन ठेवावी, शक्यतो अपॉइंटमेंटच त्याच्या सुट्टीत बसवावी.

विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला, पण जवळच्या टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र मिळत असेल तर तेच घ्यावं. तान्ह्या बाळाला घेऊन लाल परीचा चार तासांचा प्रवास कोणाला हौसेचा? बाळाला प्रत्यक्ष न्यावंच लागतं. फॉर्मवर सध्याचा पत्ता लिहिताना मात्र चूक होते. पासपोर्ट स्पीड पोस्टानं त्याच पत्त्यावर येतो आणि पोस्टमन तो शेजाऱ्याकडे ठेवून जात नाही. पुरावा सासरचा म्हणून पत्ता सासरचा लिहिला आणि बाळंतीण माहेरीच, तर पाकीट परत नागपूरला. छापून निघाल्याचा मेसेज आला की चार दिवस सासरी जाऊन राहावं, किंवा आधीच पोस्टात बोलून ठेवावं. पासपोर्ट सेवेला साडेचार. खिडकीवरची माणसं लेकरू पाहून लवकर सोडतात, हा अनुभव बऱ्याच ठिकाणी सारखा.

कॅनडाला कधी कळवायचं? दाखला हातात आला त्याच आठवड्यात, पासपोर्टची वाट न पाहता. आयआरसीसी म्हणजे कॅनडाचा इमिग्रेशन विभाग. त्याच्या वेबफॉर्मवर (वेबसाइटवरच्या फॉर्मवर) अर्ज क्रमांक टाकून जन्माची माहिती, दाखल्याची प्रत, बाळाचं नाव घातलेले आयएमएम ०००८ (मुख्य अर्ज) आणि ५४०६ (कुटुंबाची माहिती) हे फॉर्म पाठवायचे आणि पासपोर्ट मागाहून येतो असं लिहायचं. बाळासाठी प्रक्रिया शुल्क भरावं लागतं, कायम रहिवास हक्काचं वेगळं शुल्क मात्र आईबापांवर अवलंबून असलेल्या मुलांना नाही. १४ वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत. वेबफॉर्मला साडेतीन गुण : पोचपावती लगेच येते, उत्तर आपल्या वेळेनं. पोचपावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

नवरा कॅनडाचा नागरिक असेल तर प्रकरणच वेगळं. तो तिथं जन्मलेला किंवा तिथं नागरिकत्व घेतलेला असला तर बाळ वंशानं कॅनडाचं नागरिक असतं. मग त्याच्या कायम रहिवासाचा प्रश्न येत नाही, नागरिकत्वाचा पुरावा मागावा लागतो. आईच्या अर्जात मात्र तेव्हाही ते दाखवायचंच. अमेरिकेचे नियम याहून निराळे आहेत, तिथले सल्ले इथं लावू नयेत.

वैद्यकीय तपासणी आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरकडेच. आपला बालरोगतज्ज्ञ कितीही नावाजलेला असो, त्याचं पत्र चालत नाही. तान्ह्या बाळाची फक्त अंगतपासणी होते. लघवी ५ वर्षांपासून, छातीचा एक्स-रे ११ पासून, रक्त १५ पासून. लसीकरणाचं कार्ड न्यावं. आईच्या तपासणीचं पत्र गरोदरपणात आलं असेल तर एक्स-रे बाळंतपणानंतर काढायची मुभा आहे, ती घ्यावी आणि तसं डॉक्टरकडून नोंदवून घ्यावं. मग आईचा एक्स-रे आणि बाळाची तपासणी एकाच दिवशी एकाच ठिकाणी उरकते, विदर्भ एक्स्प्रेसची एक फेरी वाचते. तपासणी १२ महिने चालते. आईची लवकर झाली आणि बाळाचा पासपोर्ट वर सांगितलेल्या एखाद्या कारणानं रखडला तर आईची मुदत संपून ती पुन्हा करावी लागते, पैसे पुन्हा आपलेच.

एजंटला शून्य द्यावं की एक, यावर मतभेद होऊ शकतात. "बाळ ॲड करून देतो" म्हणून तो जे करतो ते म्हणजे वरचा वेबफॉर्म. काही एजंट तर उलटं सांगतात, की फाईल लांबेल, बाळाचं कळवूच नका. असं सांगणाऱ्याकडून त्याच दिवशी आपले लॉगिन आणि कागद परत घ्यावेत.

बाळ उशिरा जन्मलं आणि आईच्या कायम रहिवासाची मंजुरी आधीच आली असेल तरी तिकीट काढू नये. आधी कळवायचं, बाळाची मंजुरी येईपर्यंत थांबायचं. मंजुरीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती जवळ येत असेल तर वेबफॉर्ममध्ये पहिल्याच ओळीत लिहावी.