दादरचं स्पेक्ट्रोस्कोपी वर्कशॉप, ५ पैकी ४ स्टार

लांबच्या गॅलेक्सीचा प्रकाश कसा वाचतात यावर दादरला ३ तासांचं वर्कशॉप होतं, लेकीला (अकरावी सायन्स) घेऊन गेलो. आधी प्रत्येकाच्या हातात ग्रेटिंगचा (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीचा) तुकडा दिला, जुन्या ट्यूबलाइटकडे बघा म्हणाले, तर पाऱ्याची हिरवी रेघ एकदम वेगळी उठून दिसली आणि बाजूच्या एलईडीत नुसता सलग पट्टा! लेक परत येताना लोकलमध्ये पण तेच लावून बसली होती.

मग सरांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरचा निअरस्पेक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं उपकरण, समजावला. त्यात जवळपास अडीच लाख इवल्या झडपा असतात, हव्या त्या गॅलेक्सीपुरत्याच उघडायच्या, म्हणजे एका दमात शंभरेक स्पेक्ट्रम (रंगपट्टे) मिळतात. जेड्स-जीएस-झेड१४-० नावाच्या गॅलेक्सीचा प्रकाश तर महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतला, हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची खूण विश्व पसरत गेल्यामुळे ताणून ताणून पार १.८ मायक्रॉनच्या (१८०० नॅनोमीटर) पुढे इन्फ्रारेडमध्ये गेलेली, हे गणित फळ्यावर करून दाखवलं, जाम भारी वाटलं. चिलीच्या आल्मा दुर्बिणीला त्याच गॅलेक्सीत ऑक्सिजन सापडला ते मात्र दोन वाक्यांत उरकलं, वेळ संपला म्हणे.

प्रोजेक्टर दोनदा बंद पडला आणि पंखा फक्त स्टेजवर, आम्ही घामाघूम. चहा कडक होता पण. लहान पोरांना नेऊ नका, कंटाळतील.