४३३ टेलिमेट्री जोडी: रेडिओ झकास, केबल भंगार

टेलिमेट्री जोडी म्हणजे ड्रोनचा डेटा हवेतनं लॅपटॉपला पोचवणारे दोन रेडिओ. स्पेक्स सगळ्यांना माहितीच आहेत, ४३३ मेगाहर्ट्झ, १०० मिलीवॅट, सिक फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर), एक युनिट ड्रोनवर (एअर) एक लॅपटॉपला (ग्राउंड), ते परत लिहीत बसत नाही. मी लिहिणार आहे सोबत येणाऱ्या त्या सहा वायरच्या वीतभर केबलबद्दल, जी ड्रोनवरचा रेडिओ फ्लाइट कंट्रोलरला जोडते, कारण तिच्यापायी अख्खा उन्हाळा वाया गेला आणि दुकानवाल्याशी वाजलं ते वेगळंच.

भानगड अशी की दोन्ही युनिटवर हिरवा दिवा एकदम स्थिर, म्हणजे जोडी जुळलेली, पण मिशन प्लॅनरमध्ये (लॅपटॉपवरचं ड्रोनचं सॉफ्टवेअर) कनेक्ट दाबलं की वाट बघत बसायचं आणि शेवटी तोच मेसेज, नो हार्टबीट पॅकेट्स रिसीव्हड, म्हणजे ड्रोनकडनं 'मी आहे' असा संदेशच येत नाही. तोच पिक्सहॉक (ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर) यूएसबीला लावला की सगळं दिसतंय, जीपीएस, होकायंत्र, बॅटरी, काही तक्रार नाही. डोकं फिरायची वेळ आली.

ऑनलाइन जेवढे सल्ले मिळतात ते सगळे करून झाले. पिक्सहॉकच्या सेटिंगमध्ये सिरियल वन (टेलिम वन पोर्ट) प्रोटोकॉल २ आहे, बॉड म्हणजे डेटाचा वेग ५७ (५७६००) आहे, मिशन प्लॅनरमध्ये वर ५७६०० निवडलंय (११५२०० यूएसबीला, रेडिओला नाही, यात बरेच जण अडकतात), नेट आयडी (जोडीचा ओळख नंबर) दोन्हीकडं २५, फर्मवेअर दोन्हीकडं एकच. टेलिम टू ला लावून सिरियल टू चं सेटिंग तसंच केलं, तरी तेच. आणि एक, रेडिओचं सेटिंग लोड करायचं असेल तर आधी डिसकनेक्ट करा, कनेक्ट करायचा प्रयत्न चालू असताना ते लोड होत नाही आणि उगाच वाटतं की रेडिओच मेलाय.

मग दुकानाला फोन. नाव घेत नाही. आधी कन्नडमधून बोललो, म्हटलं जरा मऊ होतील, मग त्यांनी दुसऱ्याकडं दिला तो हिंदीवाला, मग ईमेल इंग्लिशमध्ये. तिन्ही भाषेत उत्तर एकच, व्हिडिओ पाठवा. पाठवला. तर म्हणे सर, ग्रीन लाईट सॉलिड आहे म्हणजे प्रॉडक्ट ओके आहे, तुमचा फ्लाइट कंट्रोलर खराब असेल. अहो पण हिरवा दिवा एवढंच सांगतो की दोन रेडिओ एकमेकाला सापडले! कंट्रोलरकडनं डेटा येतोय का नाही ते लाल दिवा सांगतो, डेटा पाठवताना तो लुकलुकतो. माझ्या एअर युनिटवर हिरवा स्थिर आणि लाल पूर्ण गप्प. म्हणजे कंट्रोलर आणि रेडिओच्या मध्ये कुठंतरी गडबड, आणि मध्ये आहे काय तर ती केबल. एवढं समजावून सांगितलं तरी "सर ग्रीन लाईट".

शेवटी स्वतःच लागलो मागं. घरात एका तुटक्या जीपीएसच्या केबलचं टोक होतं, ते एअर युनिटला लावून ५ व्होल्ट बाहेरनं दिले आणि रेडिओची टीएक्स (डेटा पाठवायची) आणि आरएक्स (डेटा घ्यायची) वायर आपसात जोडली. लॅपटॉपवर टर्मिनल उघडून ५७६०० ला काहीही टाइप केलं की तीच अक्षरं हवेतनं जाऊन परत येतायत! म्हणजे दोन्ही रेडिओ ठणठणीत. ही टेस्ट फुकट आहे, रिटर्न टाकायच्या आधी प्रत्येकानं करावी.

मग मल्टीमीटर बीपवर लावून केबलची एकेक वायर बघितली. एक नंबर ५ व्होल्ट, बीप. सहा नंबर ग्राउंड, बीप. दोन नंबर, म्हणजे कंट्रोलरचा टीएक्स, गप्प. वायर जरा दाबली की बीप, सोडली की गेला. प्लास्टिकच्या आत क्रिंपनं (वायर दाबून धरणारी धातूची पिन) तांब्याला धरलंच नव्हतं, नुसतं वरचं आवरण चिमटीत. करंट पोचतोय म्हणून दिवे लागतायत, जोडी जुळतेय, आणि जी वायर बोलणार तीच मुकी. (हेच तीन नंबरला, म्हणजे कंट्रोलरच्या आरएक्सला, झालं असतं तर हार्टबीट दिसला असता पण पॅरामीटर लोड होताना अडकलं असतं, ते अजून डोकं खाणारं.) २,८०० ची जोडी आणि क्रिंपला काय पैसे वाचवले असतील ओ, दोन रुपये?

बेळगावात खडेबाजारला मोबाईल रिपेअरवाल्याकडं गेलो, त्यानं भिंगाखाली नवीन केबल करून दिली, चारच वायरची, ५ व्होल्ट, टीएक्स, आरएक्स, ग्राउंड. पन्नास रुपये. सीटीएस आरटीएस (डेटा थांबव-सोड सांगणाऱ्या उरलेल्या दोन वायर) नाहीत म्हणून त्या पोर्टचं आरटीएससीटीएस पॅरामीटर शून्य केलं. लावल्या लावल्या लाल दिवा लुकलुकायला लागला.

इथपर्यंतचं पावसाळ्यात लिहून ठेवलं होतं, एक स्टार देणार होतो. आता दिवाळी होऊन गेली, आणि खरं सांगायचं तर मत बदललंय. बेळगावात सांबऱ्याच्या विमानतळामुळं उडवायचं नावच काढायला नको, म्हणून ड्रोन कुठं चालतो तो नकाशा बघून निपाणीकडं वेदगंगेच्या काठाला मामांच्या उसात जातो. तिथं लिंक मस्त राहते. ऊस डोक्याच्या वर गेलाय, त्यामुळं ग्राउंड युनिट बांधावर ठेवलं तर सिग्नल पडतो, तेच बांबूला बांधून उसाच्या वर काढलं आणि दोन्ही अँटेना उभ्या ठेवल्या की शेताच्या टोकापर्यंत काही होत नाही. लांब यूएसबी वायरनं रेडिओ लॅपटॉपपासून दूर ठेवला की नॉइजचा आकडाही खाली येतो. लिंक तुटली म्हणून ड्रोन पडत नाही ओ, रिमोट वेगळा असतो, पण ग्राउंड स्टेशनचं (म्हणजे लॅपटॉपशी लिंक तुटल्यावरचं) फेलसेफ चालू केलं असेल तर तो आपला आपण माघारी यायला लागतो, तेव्हा घाबरू नका.

आणि एक मजा, ओटीजी लावून ग्राउंड युनिट अँड्रॉइड फोनला जोडलं आणि क्यूग्राउंडकंट्रोल (मिशन प्लॅनरसारखंच ॲप) उघडलं तर सरळ कनेक्ट! लॅपटॉप उन्हात न्यायचं कामच संपलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

९१५ मेगाहर्ट्झवाली जोडी स्वस्त दिसली तरी घेऊ नका, आपल्याकडं ९०० च्या आसपास मोबाईल कंपन्यांचा पट्टा आहे. केबल फ्रेमला झिपटायनं बांधा, नाहीतर व्हायब्रेशननं चांगली क्रिंपसुद्धा ढिली होते, आणि काढताना वायर धरून ओढू नका, ते बारके कनेक्टर लगेच तुटतात.

रेडिओला चार स्टार देतोय. दुकानाला काही नाही, कारण परवा बघितलं तर तीच केबल त्यांनी सुटी विकायला ठेवलीय, दीडशे रुपये, आणि वर लिहिलंय हाय क्वालिटी.