१२७४ की १२८१? जपानवरची कोणती मंगोल स्वारी निवडावी

भाचीला इतिहासाच्या प्रकल्पासाठी एकच स्वारी निवडायची आहे.

लढाई: १२७४ची आटोपशीर. त्सुशिमा आणि इकी ही बेटं, मग हाकाताचा किनारा आणि माघार. १२८१ मध्ये कोरिया आणि दक्षिण चीनमधून दोन आरमारं आली. हाकाताच्या किनाऱ्यावरच्या सुमारे २० किलोमीटर दगडी तटाने त्यांना थोपवलं, मग वादळाने बुडवलं. सगळं श्रेय वादळाला देणं हा सामुराईंवर अन्याय आहे.

सरंजामी समाज: इथे पहिली सरस. ताकेझाकी सुएनागा हा साधा सामुराई बक्षिसासाठी १२७५ मध्ये थेट लष्करी राजवटीचं ठाणं असलेल्या कामाकुराला गेला, दाद मागून जमिनीचा हक्क घेऊनच परतला. दुसरीनंतर नाराजी साचत गेली. परचक्र परतवून नवी जमीन हाती येत नाही, मग वाटणार काय?

धनी आणि सरदार यांचं नातं उलगडायचं तर १२७४ घे. संरक्षणाची तयारी आणि १३३३ मध्ये कोसळलेल्या कामाकुरा राजवटीची कारणं शोधायची तर १२८१.