छोट्या सुतारासाठी घेतलेली ८×४२ दुर्बीण

दाजीपूरच्या रानात मला दोन वर्षं एकाच पाखरानं दमवलं. इंग्रजीत ब्राउन-कॅप्ड पिग्मी वुडपेकर, आम्ही म्हणतो छोटा सुतार. जेमतेम १३ सेंटिमीटर, चिमणीहूनही लहान. मोठे सुतार बुंध्यावर ठकठक करतात, सापडतात. हा शेंड्याकडच्या बोटाएवढ्या डहाळ्यांवर असतो, तोही बऱ्याचदा निखार, नाचण अशा पाखरांच्या थव्यात मिसळून. वरून बारीक किरकिर ऐकू यायची, मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत थवा पुढच्या झाडावर.

माझी जुनी दुर्बीण घडीची, १०×२५. दहापट म्हणजे भारी, असं वाटून घेतलेली. पण पुढच्या काचेचा व्यास २५ मिलिमीटर, त्याला १०नं भागलं की डोळ्यात येणारा उजेडाचा झोत अडीच मिलिमीटरचा उरतो. दाट झाडीत सकाळी सातला त्यातून नुसती काळी सावली दिसायची. ८×४२मध्ये हाच झोत सव्वापाच मिलिमीटरचा होतो. शिवाय पट कमी म्हणून एका नजरेत जास्त फांद्या मावतात आणि हाताची थरथरही कमी जाणवते. हलत्या पाखरासाठी हेच लागतं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात दोन्ही प्रकार हातात घेऊन बघितले. मालक म्हणाले, "काकी, आत काय कळणार? रस्त्यावर जाऊन बघा की." समोरच्या तारेवरच्या साळुंकीच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कातडं इतकं स्पष्ट दिसलं की तिथंच ठरलं. मला चष्मा आहे. दुर्बिणीच्या डोळ्याला टेकणाऱ्या कडा खाली दाबून चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का, हे बघूनच पैसे द्या. किंमत साडेचौदा हजार. माझ्यासाठी थोडी नाही, पण दुकानदारानं घाई केली नाही, बिल आणि वॉरंटी कार्ड नीट भरून दिलं.

तक्रारी दोन. सोबतचा पट्टा अगदी अरुंद, दोन तासांत मान भरून येते. मी रुंद पट्टा वेगळा घेतला. आणि डोळ्याला टेकणारी उजवी कडा महिन्याभरात सैल झाली, फिरवून ठेवली तरी खाली घसरते. एवढ्या किमतीला हे व्हायला नको होतं. काचा मात्र उत्तम. गारठ्यात आतून धुरकटल्या नाहीत, जुनीच्या धुरकटायच्या.

नोव्हेंबरात पहाटे कोल्हापूर सोडलं. ऐनाच्या झाडावर तीच किरकिर. या वेळी थवा गोलात मावला आणि त्यात तो सापडला. तपकिरी टोपी, पाठीवर पांढरे पट्टे, डोळ्यावरून पांढरी रेघ. उलटा लटकून सालीखाली चोच घालत होता. ॲमेझॉनच्या सखल जंगलातला बार-ब्रेस्टेड पिक्युलेट नावाचा सुतार याहून लहान, साडेसात सेंटिमीटरचा. पण पिक्युलेटांच्या शेपटीत टेकू देणारी ताठ पिसं नसतात. आमच्या या सुतारानं सरळ होऊन शेपूट डहाळीला टेकवलं, ते मला पिसापिसानं दिसलं. मग त्यानं मान वळवली आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लाल रंगाची बारीकशी रेघ दिसली. म्हणजे नर. शेजारी उभ्या भाचीच्या हातात मी लगेच दुर्बीण दिली, तिलाही तो पहिल्याच झटक्यात सापडला.