तयार स्क्रॅपबुक की घरची जुनी वही?

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत आठवणींची वही सुरू करायची म्हटली, की दोन पर्याय समोर येतात: तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातले काळ्या पानांचे तयार स्क्रॅपबुक, किंवा घरातली अर्धी कोरी राहिलेली जाड पुठ्ठ्याची हिशेबाची वही.

तयार स्क्रॅपबुकाची पाने जाड असतात आणि फोटो त्यांवर उठून दिसतात. परंतु निळ्या-काळ्या शाईचे अक्षर काळ्या पानावर वाचता येत नाही, म्हणून पांढऱ्या शाईचे पेन वेगळे घ्यावे लागते, आणि खर्च वाढतो तो असाच.

जुन्या वहीला पैसे लागत नाहीत, मेहनत लागते. कागद पातळ असल्याने दोन-दोन पाने एकमेकांना चिकटवावीत, आणि चिकटवलेल्या ऐवजाने वही फुगू नये म्हणून मधली काही पाने शिवणीपासून बोटभर कड ठेवून कापून टाकावीत. लग्नपत्रिकांचे जाड कागद कोपरे करण्यास उत्तम. त्यांत फोटो अडकवला, की गोंद फोटोला लागतच नाही. कणकेची खळ स्वस्त खरी, पण पावसाळ्यात तिला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

वर्तमानपत्राचे कात्रण मात्र दोन्हींत पिवळे पडते, आणि एसटीचे यंत्रातून निघालेले तिकीट कोरे होत जाते. त्यांची झेरॉक्सच चिकटवावी.

पहिल्या प्रयत्नासाठी मी जुनी वहीच सुचवेन. लग्नाचा किंवा बारशाचा ठरलेला संग्रह भेट द्यायचा असेल, तरच तयार स्क्रॅपबुक घ्यावे.